मुळशीची सहल आणि घडीची परदेशी बाटली

गेल्या महिन्यात माझा भाचा पुण्यातल्या एका चकाचक दुकानातून घडीची पाण्याची बाटली घेऊन आला. रबरासारखी मऊ, दाबली की पुरणपोळीएवढी चपटी होणारी. "मामू, वजन बघा, काहीच नाही!" म्हणाला. मी ती हातात घेतली, उलटी केली, बूड बघितलं आणि मला जे हसू फुटलं त्यात चहा नाकात गेला. आतून माझी बहीण शमा, म्हणजे त्याची आई, ओरडली, "आधी तिला नळी आहे का बघ!" मग आम्ही दोघंही हसत सुटलो आणि पोरगं बिचारं एकदा माझ्याकडे, एकदा बाटलीकडे बघत राहिलं.

या ब्लॉगवर दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी विचारतंच, की काका, मुळशीला जातोय, पाण्यासाठी हलकी बाटली कुठली घेऊ? उत्तर आज देतो. पण त्यासाठी तुम्हाला माझ्याबरोबर ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला यावं लागेल, मे महिन्यात, लाल एस.टी.तून.

मी तेव्हा पुण्यात एका सरकारी कचेरीत कारकून होतो. कचेरीचं नाव सांगत नाही, पेन्शन अजून तिथूनच येते. आमचे हेडक्लार्क बापटसाहेब दर उन्हाळ्यात कचेरीची सहल काढायचे. जाहीर व्हायची तेव्हा तिला वीस-पंचवीस माणसं असायची आणि निघायच्या दिवशी चौघं उरायची. त्या वर्षी कुठं जायचं यावर चर्चा अडली होती. मी उत्साहाच्या भरात बोलून गेलो, "साहेब, मुळशीला चला. आमचं घर पौडला आहे. वाटेत विसावा घेऊ, ताम्हिणीच्या बाजूला डोंगर चढू, कड्यावरून कोकण बघू."

"वा, तांबोळी!" साहेब म्हणाले. "विसावा घेऊ" या शब्दांवर त्यांनी हलकेच पेन आपटलं, ते माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

रविवारी पौडला जाऊन मी अम्माला सांगितलं. अब्बांचं बाजारात दोर, बादल्या आणि कंदिलाच्या काचा विकायचं दुकान होतं आणि घर त्याच्याच मागं. अम्मा भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"रफीक, आणतुयास खरं. पण पाणी पितील का रं?"

हा प्रश्न तुम्हाला चमत्कारिक वाटेल, म्हणून जरा खुलासा करतो. आमच्या घरी कुणी प्रतिष्ठित माणूस आला, की त्याला केळं द्यायची पद्धत होती. कारण केळ्याला स्वतःचं साल असतं. आतल्या गराला आमचा हात लागलेला नसतो, म्हणजे ते मुसलमानाच्या घरचं असूनही नसतं. तलाठी आले, केळं खाऊन गेले. शाळेचे मास्तर आले, केळं खाऊन गेले. अब्बांचे जिवाभावाचे म्हणवणारे मित्रसुद्धा दिवाळीला फराळ पाठवायचे आणि ईदला आमच्याकडे येऊन केळं खायचे. सगळी चांगली माणसं, प्रेमानं बोलणारी. पाणी मात्र कुणी मागायचं नाही. पाण्याला साल नसतं, ही पाण्याची चूक. अम्मानं आयुष्यात इतकी केळी आणली, की ती स्वतः केळं खायची बंद झाली होती.

"पितील की," मी म्हणालो. "माझे दोस्त हायेत ते. रोज एका टेबलाला बसून डबा खातो आम्ही."

खाताना डब्यांची अदलाबदल होत नव्हती, हे मी तिला सांगितलं नाही. अम्मानं दुसऱ्याच दिवशी अब्बांच्या मागं लागून स्टीलचे नवे ग्लास आणवले. घरी तांब्या-पेले होते. पण पुण्याच्या माणसांना कुणी वापरलेले नकोत, असं तिचं म्हणणं.

इकडे कचेरीत पाण्याचा प्रश्न वेगळ्याच वाटेनं निघाला होता. साहेबांनी सहलीच्या पाण्यासाठी समिती नेमली. अध्यक्ष ते स्वतः, सदस्य जगताप आणि आमच्या टायपिस्ट नीलाताई. मला घेतलं नाही, कारण मी "यजमान पक्ष". जगताप हा पुण्याजवळच्या माण गावचा. तेव्हा माण म्हणजे ज्वारी आणि म्हशी. आज तिथं कॉम्प्युटरवाल्यांना खोल्या भाड्यानं देऊन जगतापची नातवंडं मजेत आहेत. तेव्हा मात्र तो कचेरीत दप्तर सांभाळायचा आणि जमेल तितकं काम टाळायचा.

समितीच्या बैठकी मधल्या सुट्टीत व्हायच्या. साहेबांचा मुख्य मुद्दा असा, की बाहेरचं पाणी आपल्याला बाधतं, म्हणून पुण्याहून नेलेलं पाणी दिवसभर पुरलं पाहिजे, आणि चढायचं असल्यामुळे भांडं वजनाला हलकं पाहिजे. इथं नोंदवतो, की आमच्या कँटीनमधले कप एकाच बादलीत बुचकळून निघायचे. त्या बादलीचा तळ कुणी पाहिला नव्हता आणि त्या कपांतला चहा साहेब दिवसातून चारदा प्यायचे. तो त्यांना कधी बाधला नाही. पाणी बाधतं की नाही हे पाण्यावर नसतंच, देणाऱ्या हातावर असतं. मला तेव्हा याचा राग यायचा, आजही येतो.

तर बाटल्या. साहेबांनी आधी घरचा फिरकीचा तांब्या आणला, पितळी, आजोबांच्या वेळचा. जगतापनं तो उचलला आणि म्हणाला, "ह्यो घेऊन गेलो तर डोंगर आपल्यालाच खाली ढकलंल." तांब्या बाद. मग जुन्या बाजारातून मिलिटरीची ॲल्युमिनियमची बाटली आली. तिला एका बाजूला पोचा होता आणि आतून रॉकेलचा वास. तीही बाद. नीलाताईंनी पुतण्याची शाळेची वॉटरबॅग आणली, गुलाबी, वर ससा. ती खरं तर सगळ्यांत बरी होती, पण गळ्यात ससा अडकवून हेडक्लार्कनं डोंगर चढणं नियमात बसेना. काचेची सरबताची बाटली फुटेल म्हणून बाद, थर्मास जड म्हणून बाद. सहल पाण्यावाचून रद्द होते की काय, अशी वेळ आली.

तेव्हा जगतापनं खिशातून लाल रबराची एक घडी काढून टेबलावर टाकली.

"मेव्हण्यानं कुवेतहून आणलीया. सामानात व्हती."

उलगडली तर चांगली वीतभर रुंद पिशवी. एका टोकाला हूक अडकवायला भोक, दुसऱ्या टोकाला आट्याचं बूच. बूच काढून त्या जागी बसवायची एक लांब रबरी नळी, नळीला मधेच लोखंडी चाप. चाप दाबला की धार सुरू, सोडला की बंद. शिवाय काळी, गुळगुळीत, बोटभर लांबीची एक दांडी सुटी होती. तिचा उपयोग कुणालाच कळेना. साहेबांनी चष्मा वर करून सगळं निरखलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अरे, हे डोंगर चढणाऱ्यांसाठीच केलंय! झाडाला टांगायचं, नळी तोंडावर धरायची, चाप दाबायचा. भांड्याला कुणाचंही तोंड लागायचा प्रश्नच नाही. बाहेरच्या देशातसुद्धा वरून प्यायची पद्धत आहे बघा."

वरून पाणी पिणं म्हणजे भांडं ओठाला न लावता धार थेट घशात सोडणं. आपल्याकडे लहानपणापासून शिकवतात. साहेब त्यात तरबेज होते. परदेशातल्या एका कारखान्यानं खास आपल्यासारख्यांची सोय बघून असली वस्तू काढावी, याचा त्यांना इतका आनंद झाला, की त्यांनी तिथल्या तिथं पिशवी भरून खिडकीच्या गजाला टांगली आणि प्रात्यक्षिक करून दाखवलं. रबराचा वास आला, पण "नवेपणाचा" म्हणून तो मंजूर झाला. काळी दांडी "सुटा भाग" म्हणून त्यांनी शर्टाच्या खिशात पेनाशेजारी लावली. पुढं हरवायला नको म्हणून. समिती बरखास्त.

निघायच्या दिवशी अपेक्षेप्रमाणे चौघं उरलो. साहेब, जगताप, नीलाताई आणि मी. स्वारगेटहून सकाळची गाडी. भाडं आता आठवत नाही, आजच्या कटिंग चहाहून कमी असावं. कोथरूड संपलं की तेव्हा पुणे संपायचं. चढ चढून पलीकडे उतरलं की भूगाव, भुकूम, पिरंगुट, दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेली उघडी शेतं आणि मधून वडाची झाडं. आज त्याच रस्त्यावर तुम्ही चांदणी चौकापासून भूगावपर्यंत पहिल्या गिअरमध्ये जाल आणि दोन्ही बाजूंना लग्नाची लॉन्स बघाल. शनिवारी जाणार असाल तर उजाडायच्या आत शहर सोडा, एवढंच सांगतो.

पिशवी साहेबांच्या घरच्या पाण्यानं तुडुंब भरलेली होती. ती कुणी सांभाळायची यावर स्वारगेटला खल झाला आणि शेवटी ती बाकावर ठेवून जगताप तिच्याशेजारी बसला. पिरंगुटच्या खड्ड्यात गाडी उडाली, जगताप उडाला आणि परत बसला तो पिशवीवर. बूच सुटलं. पुण्याचं सगळं शुद्ध पाणी जगतापच्या पॅन्टमधून वाट काढत मागच्या बाकाखालच्या कोंबड्यांच्या पाटीपर्यंत गेलं. पाटीवाली बाई म्हणाली, "आगं बया, एवढ्या मोठ्या माणसानं!"

जगतापनं आख्ख्या गाडीला रिकामी पिशवी वर करून दाखवली. कुणाचा विश्वास बसला नाही.

पौडला आम्ही अशा थाटात उतरलो. अम्मानं अंगण शिंपून, पडवीत चटई अंथरून ठेवली होती. शमा तिथल्या सरकारी दवाखान्यात नर्स होती, ती ड्यूटीवर गेलेली. आम्ही टेकतो न टेकतो तोच अम्मा ताट घेऊन आली. ताटात नवे कोरे ग्लास आणि रांजणातलं थंड पाणी. रांजणात तिनं वाळ्याची जुडी टाकली होती, पडवीभर वास सुटला होता.

नीलाताईंचा हात पुढं आला. तेवढ्यात साहेब म्हणाले, "उन्हातून आल्या आल्या पाणी पिऊ नये. बाधतं." नीलाताईंचा हात पदराकडे वळला.

"मग जरा दमानं घ्या," अम्मा म्हणाली आणि ताट धरून तशीच उभी राहिली.

"तांबोळी, आईंना म्हणावं, त्रास घेऊ नका," साहेब माझ्याकडे बघून म्हणाले. अम्मा त्यांच्यापासून हातभर अंतरावर होती. "आमचं पाणी आहे बरोबर." मग त्यांनी आपली कापडी पिशवी उघडली आणि आतून काय काढलं असेल? केळी. स्वतःची, मंडईतून आणलेली. एक अम्मालाही दिलं.

अम्मानं ते केळं ताटात ग्लासांशेजारी ठेवलं आणि ताट घेऊन आत गेली.  मला मात्र त्या क्षणी सगळी सहल, कोकण, कडा, सगळं पिरंगुटच्या खड्ड्यात गाडून टाकावंसं वाटलं. मी तिला छातीठोकपणे सांगितलं होतं, माझे दोस्त हायेत म्हणून.

आता साहेबांचं "बरोबर असलेलं पाणी" तर कोंबड्या प्यायल्या होत्या. त्यांनी जगतापला स्टँडवरच्या नळावर पिशवी भरायला धाडलं. सरकारी नळ, म्हणजे कुणाच्याच घरचा नाही. मी आत अम्माकडे गेलो. पाच मिनिटांत परसदारी जगताप उभा.

"मावशी, नळाला पाणी न्हाई. ही तेवढी भरून देता का?"

अम्मानं त्याच्याकडे बघितलं. "तुमच्या साहेबास्नी चालंल का?"

जगताप हा इसम कामचुकार होता, थापाड्या होता, पण त्या दिवशी त्यानं जी थाप मारली ती मी जन्मभर विसरणार नाही. "त्यांनीच तर सांगितलंय," तो म्हणाला. "म्हणले, समद्यांच्या म्होरं मागाया बरं दिसत न्हाई, पण तांबोळ्यांच्या रांजणाचंच घेऊन ये. वास लई छान येतुया म्हणले."

"आसं म्हणले?"

"व्हय तर!"

अम्मानं स्वच्छ पंचा घेतला, चौपदरी केला आणि त्यातून गाळून पिशवी भरली. वरून वाळ्याच्या दोन काड्याही आत सोडल्या. भरताना ती स्वतःशीच हसत होती. मला जगतापच्या कानाखाली वाजवावी आणि त्याला मिठीही मारावी, असं एकदमच वाटलं. दोन्ही केलं नाही. पडवीत येऊन जगतापनं साहेबांना सांगितलं, "नळाचंच हाय, धार जरा बारीक व्हती." मी साहेबांची केळ्यांची कापडी पिशवी उचलली.

पौडहून ताम्हिणीकडे तेव्हा मोजक्याच गाड्या जायच्या. धरणाच्या कडेकडेनं रस्ता, मे महिना म्हणून पाणी खूप खाली गेलेलं आणि काठाला लाल मातीचे पट्टे उघडे पडलेले. हल्ली फोटो बघून तुम्ही पावसाळ्यात झुंडीनं येता. जरूर या, पण मे महिन्यातलं मुळशी बघायची हिंमत करा. करवंदांच्या जाळ्या लगडलेल्या असतात आणि माणूस दिसत नाही. आमच्या वेळी एका वाडीजवळ गाडी थांबवून उतरायचं, डोंगराच्या सोंडेवरून तासाभराचा चढ आणि वर सडा, म्हणजे कातळाचं सपाट पठार. सड्याच्या टोकाला उभं राहिलं की पायाखाली एकदम कोकण. पायांत चांगली चप्पल घाला, कातळ तापलेला असतो. साहेब ऑफिसच्या बुटांत होते, ती गोष्ट वेगळी.

अर्ध्या चढावर साहेबांना तहान लागली. जांभळाच्या फांदीला पिशवी टांगण्यात आली. साहेब तिच्याखाली मान वर करून, तोंड उघडून उभे राहिले. जगतापनं चाप दाबला. पहिली धार चष्म्यावर गेली, दुसरी बरोबर घशात.

"अहाहा!" साहेब म्हणाले. "बघा, परदेशी रबर. साध्या नळाच्या पाण्याला कसा सुगंध आणलाय! आपल्या लोकांना हे जमणार नाही."

जगतापनं माझ्याकडे बघितलं नाही. मी करवंदं तोडू लागलो.

थोडं वर गेल्यावर साहेबांना दम लागला आणि ते सावलीत आडवे झाले. उठायचं टाळून त्यांनी नळीचं टोकच तोंडात धरलं, चाप स्वतः हातात घेतला आणि डोळे मिटून घोट घेऊ लागले. गुरं घेऊन चाललेले एक म्हातारबाबा हे बघून थबकले.

"काय झालं पाव्हण्याला? सलाईन लावलीया?"

"न्हाई आबा," जगताप म्हणाला, "पाणी पित्यात."

"मग तांब्यानं का पीत न्हाईत?"

"तांब्या जड पडतो."

आबांनी साहेबांच्या देहाकडे आणि मग त्या पिशवीकडे बराच वेळ बघितलं. "बरं वाटत नसंल तर खाली वाडीवर आना. घर हाय, पाणी हाय."

साहेबांनी तोंडातली नळी न काढता हात हलवला. आमचं आहे, असा त्याचा अर्थ. आबा गेले ते मागं वळून बघत गेले.

कड्यावर पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. खाली कोकणात धूसर निळं काहीतरी पसरलं होतं. तो समुद्र असावा की नुसती वाफ, यावर साहेब आणि नीलाताई यांच्यात मतभेद झाले. नीलाताईंनी चपात्या आणि लसणाची चटणी काढली, साहेबांनी दडपे पोहे. माझ्या डब्यात अम्मानं दिलेले अंड्याचे पराठे होते. जगतापनं त्यातले दोन उचलले आणि साहेब दरीकडे बघत राहिले. साहेबांनी तिथं हलक्या सामानाचं महत्त्व, परदेशातली शिस्त आणि आपल्याकडचा गबाळेपणा यावर छोटंसं भाषण केलं. मधून मधून नळी तोंडात. सांगायला वाईट वाटतं, पण त्या कड्यावरून मला कोकणापेक्षा तो देखावा जास्त आठवतो.

एक पिशवी चौघांना किती पुरणार? उतरताना ती संपली. रस्त्याला लागेपर्यंत आमच्या जिभा टाळूला चिकटल्या. परतीची गाडी उशिरा आली आणि पौडला उतरलो तेव्हा साहेबांच्या तोंडून आवाज फुटत नव्हता. पुण्याच्या गाडीला वेळ होता. पडवीत पोचताच जगतापनं पिशवी नळीसकट खुंटीला टांगली आणि भिंतीला टेकून बसला.

अम्मा पुन्हा तेच ताट घेऊन आली. या वेळी नीलाताईंनी कुणाकडे बघितलं नाही. "मावशी, सकाळचं राहिलं होतं," असं म्हणून त्यांनी ग्लास घेतला, सरळ तोंडाला लावला आणि रिकामा करून दुसरा उचलला. जगतापनंही घेतला. साहेब कोरड्या ओठांवरून जीभ फिरवत छताकडे बघू लागले.

एवढ्यात ड्यूटीवरून शमा आली. पांढरी साडी, हातात छत्री. तिनं सगळ्यांना सलाम केला आणि तिची नजर खुंटीवर गेली.

"हे कुणाचं?"

"आमचं आहे," साहेब घोगऱ्या आवाजात म्हणाले. "घडीची परदेशी बाटली. हलकी."

"बाटली?" शमानं पिशवी हातात घेतली, नळी बघितली, चाप दाबून बघितला. "साहेब, एनिमाची पिशवी हाय ही. आमच्याकडं दवाखान्यात पत्र्याचा डबा असतो, पण नळी हीच, चाप ह्योच. हिची दांडी कुटं हाय? काळी, एवढी?"

 साहेबांचा हात आपोआप शर्टाच्या खिशाकडे गेला. पेनाशेजारून त्यांनी ती दांडी काढली आणि शमाच्या तळहातावर ठेवली.

"हां, हीच," शमा म्हणाली.

नीलाताईंनी खालच्या आवाजात विचारलं, "जगताप, नवीनच होती ना?"

जगताप विचारात पडला. "मेव्हण्याच्या वडलांचं पोट सारखं..." एवढं बोलून तो थांबला. "बहुतेक नवीच असंल."

त्यानंतर बापटसाहेब ज्या वेगानं उठले, तो वेग त्यांनी डोंगरावर दाखवला असता तर आम्ही कोकणात पोचलो असतो. त्यांनी ताटातला ग्लास उचलला. हो, अम्माचा, तोच. अंगणाच्या कडेला धावले आणि खळाखळा चूळ भरून थुंकले. परत आले, दुसरा ग्लास. पुन्हा चूळ, पुन्हा थुंकणं. दिवसभर ज्या पाण्याकडे त्यांनी बघितलंही नव्हतं, ते आता तोंड धुवायला चालत होतं. अम्मा पडवीच्या पायरीवर उभी राहून आपलं गाळलेलं, वाळ्याचं पाणी मातीत जाताना बघत होती. मला हसू येत होतं आणि त्या हसण्याची लाजही वाटत होती.

साहेबांनी तिसऱ्यांदा तोंड भरलं. दोन्ही गाल फुगलेले. तेव्हा अम्मा पुढं झाली आणि समजूत काढावी तशी म्हणाली, "साहेब, जीवाला नका लावून घेऊ. पिशवी कसली का असंना, आत पाणी माज्या रांजणाचंच व्हतं. सकाळी तुमीच मागून घेतलंत न्हाई का? मला किती बरं वाटलं सांगू."

 साहेबांचे डोळे जगतापकडे गेले. जगताप चटईची काडी ओढत होता. मग ते माझ्याकडे वळले. मी मुद्दाम त्यांच्या नजरेला नजर दिली, कारण माझ्याकडे त्यांना द्यायला दुसरं काही नव्हतं. शेवटी ते अम्माकडे वळले. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी तिच्याकडे सरळ बघितलं. ती हसत, वाट बघत उभी होती.

तोंडात पाणी, आणि उत्तर द्यायचं होतं. एक तर तिच्यासमोर थुंकायचं, नाहीतर गिळायचं. तिसरा मार्ग कुठल्याच नियमावलीत नव्हता. साहेबांच्या गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. गिळलं.

"हो, वहिनी," ते म्हणाले. "मीच मागितलं होतं." आणि मग जरा थांबून, "वाळा छान होता."

अम्मानं लगेच ग्लास भरून पुढं केला. साहेबांनी तो घेतला आणि वरून प्यायले. बरंच पाणी सदऱ्यावर सांडलं, पण प्यायले.

पुण्याच्या गाडीत साहेब खिडकीशी बसले. जगतापनं पिशवी वर्तमानपत्रात गुंडाळून मांडीवर धरली होती. नीलाताई तोंडाला पदर लावून भूगावपासून कोथरूडपर्यंत हसत होत्या. सोमवारी कचेरीत सगळं जिथल्या तिथं. साहेब बादलीतल्या कपातून चहा प्यायले, पाणी कसं बाधतं हे एका नव्या कारकुनाला समजावून सांगितलं. त्या एका घोटानं ते बदलले वगैरे म्हणाल तर तसं काही नाही. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा मुळशीची सहल निघाली, तेव्हा त्यांनी स्वतःहून जाहीर केलं, "पाण्याचं ओझं नको. पाण्याची सोय तांबोळींकडे आहे." मी चकित झालो. पौडला त्यांनी ग्लासभर पाणी मागून घेतलं, वरूनच प्यायले. बरोबर केळी मात्र आणलीच होती.

आता उत्तर. मुळशीला जाताना बाटली कुठलीही घ्या. घडीची घ्या, हलकी घ्या, गळ्यात ससा असलेली घ्या, फक्त घेण्याआधी एखाद्या नर्सला दाखवा. भाच्याची नवी बाटली शमानं तपासून पास केली आहे. आणि वाटेत कुणी घरातून पाणी पुढं केलं, तर बाटली बॅगेतच राहू द्या. ते पाणी नको म्हणताना देणाऱ्याचा चेहरा कसा होतो, ते मी पाहिलंय.

ते स्टीलचे ग्लास अजून माझ्याकडे आहेत. अम्मा जाईपर्यंत दारात येईल त्याला सांगायची, "पुण्याचे मोठे साहेब माज्या घरचं पाणी पिऊन गेले, स्वतः मागून." मी आणि शमा एकमेकांकडे बघायचो, पण तिचं बोलणं आम्ही कधी खोडून काढलं नाही. मागितलं जगतापनं होतं, पण गिळलं साहेबांनीच होतं.